जुन्या कॉम्प्युटरचं विंडोज अपग्रेड दर वेळी अर्ध्यातून मागे फिरतं, तेव्हा काय करायचं

अपग्रेड सुरू होतं, टक्के चढत जातात, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, आणि मग पडद्यावर इंग्रजीत ओळ येते की केलेले बदल मागे घेतले जात आहेत. तासाभराने जुनंच विंडोज पुन्हा समोर. दुसऱ्या दिवशी परत लावा, परत तेच. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ऑक्टोबर २०२५, म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट संपायचा महिना, जवळ यायला लागला तशी ही तक्रार आठवड्यातून तीन-चारदा ऐकू यायला लागली. पारोळा, धरणगाव, चोपडा, अगदी शिरपूरकडूनही लोक सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आले.

त्यातल्या बहुतेकांनी घरी एकच उपाय केलेला असायचा: पुन्हा लावून बघणं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. दोनदा मागे फिरलं की तिसऱ्यांदा लावू नका. जुन्या हार्ड डिस्कसाठी अपग्रेडइतकं जड काम दुसरं नाही. रोज बिलं काढताना, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडताना डिस्कचा ठरावीक कोपराच वापरात असतो. अपग्रेड मात्र वीसेक जीबी मोकळी जागा मागतं, हजारो फाईली नव्याने लिहितं, जुनं विंडोज एका फोल्डरात बाजूला सारतं, आणि जमलं नाही तर ते सगळं उलट्या दिशेने परत करतं. कमजोर झालेली डिस्क रोजच्या कामात वर्षभर तग धरते आणि नेमकी अशा एखाद्या रात्री मान टाकते. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात अपग्रेड तर राहिलंच, डेटाही गेला, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक गैरसमजही आधीच दूर करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. ते चालू राहतं, फक्त सुरक्षेचे मोफत अपडेट थांबतात. घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात, पण त्याची एक अट आहे: विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असली पाहिजे. आमच्याकडची निम्मी मशीनं अजून १९०९ किंवा त्याच्याही मागच्या आवृत्तीवर अडकलेली असतात. विंडोज ११ ला जायचं तर साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. चौथ्या पिढीच्या आय३ वाल्याला अधिकृत रस्ता २२एच२ पर्यंतच. म्हणून अनेकांची अडचण विंडोज ११ ची नसतेच, १९०९ वरून २२एच२ ला जाताना गाडी अडते. ही उडी नावाला एकाच विंडोजमधली असली तरी आतून ते पूर्ण अपग्रेड असतं.

पारोळा तालुक्यातल्या एका गावातले नाना कृषी सेवा केंद्र चालवतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या बेतात होती, आणि त्यांच्या मशीनवर अपग्रेड तीनदा मागे फिरलेलं. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सीपीयू टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "भाऊ, हाई काबरं मांगे मांगे येस?" आणि मी काही बोलायच्या आत उपायही सांगून टाकला: "फॉरमॅट मारी टाक, कटकट मिटी जाई."

फॉरमॅट मारण्यावर आपल्याकडे लोकांचा फार भरवसा आहे. मला तो शब्दच नकोसा झाला आहे. फॉरमॅटने अपग्रेडची अडचण कधी कधी सुटते, पण त्यासोबत टॅलीचा डेटा, मराठी फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सगळंच जातं. डिस्कच खराब असेल तर नवीन विंडोजही महिन्याभरात तसंच रडायला लागतं. मी नानांना म्हटलं, "नाना, आज काहीच मारायचं नाही. आज फक्त बघायचं."

कॅबिनेट उघडलं. नानांच्या दुकानाच्या मागेच जिनिंग मिल, त्यामुळे प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईच्या तंतूंची आणि धुळीची एक गादी तयार झाली होती. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर ती अख्खी चौकोनी निघून आली, नमद्याच्या तुकड्यासारखी. पंखा फिरत होता, पण वारा खाली पोहोचतच नव्हता. प्रोसेसरची उष्णता वर ओढून घेणारी थर्मल पेस्ट सुकून भुकटी झालेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन धाडकन बंद करतो. अपग्रेड प्रोसेसरला तासभर सलग राबवतं. नानांनी पहिल्यांदा अपग्रेड लावलं ते दुपारी दोन वाजता. त्या वेळी मशीन मध्येच बंद पडलं होतं आणि त्यांना वाटलं लाईट गेली.

साफ केलं, नवीन पेस्ट लावली. पण दुसरा आणि तिसरा प्रयत्न त्यांनी रात्री केला होता, आणि तेव्हा मशीन बंद पडलं नव्हतं. एकाच टक्क्यावर तासभर अडकून मग मागे फिरलं होतं. अडकण्याचं लक्षण वेगळं आणि बंद पडण्याचं वेगळं, हे लक्षात ठेवा. मध्येच बंद पडत असेल तर उष्णता, वीजपुरवठा आणि एसएमपीएस (सीपीयूच्या डब्यातला वीज पुरवणारा भाग) बघा. अडकून मागे फिरत असेल तर डिस्क बघा. झटपट मागे फिरत असेल आणि शेवटी एखादा कोड दाखवत असेल तर ड्रायव्हर (प्रिंटर-वायफायसारखी उपकरणं चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा डिस्कवरची मोकळी जागा बघा. हे काही शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं.

डिस्क बघायला मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. उघडल्या उघडल्या डिस्कची तब्येत दाखवतं. निळ्या रंगात गुड असेल तर ठीक, पिवळ्यात कॉशन आलं की थांबायचं. डिस्कवरच्या डेटा साठवायच्या छोट्या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. खालच्या यादीत त्यांच्या तीन ओळी वाचायच्या: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. त्यांच्यापुढचा रॉ आकडा शून्य हवा. नानांच्या डिस्कवर पिवळा रंग होता आणि पेंडिंग सेक्टरपुढे शून्य नव्हतं. पेंडिंग म्हणजे डिस्कला तिथलं वाचता आलेलं नाही आणि त्या जागेचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. अपग्रेडची एखादी फाईल नेमकी त्या जागेवर आली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि विंडोज तिची वाट बघत बसतं. तासभर हलत नाही तो टक्का हाच. कान लावला तर ऐकूही येतं: टक्, मग किर्र, मग परत टक्.

इथे एक चूक सर्रास होते, म्हणून जरा ठासून सांगतो. डिस्क अशी दिसली की लोक लगेच चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन लावतात, तेही खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय टाकून. डेटा बाहेर काढल्याशिवाय ते करू नका. ते सगळी डिस्क कोपरा न कोपरा वाचतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कसाठी ती शेवटची दौड ठरू शकते. आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती.

डेटा बाहेर म्हणजे नेमकं काय? माय डॉक्युमेंट्स पेन ड्राईव्हवर ओढलं, झालं, एवढ्यावर भागत नाही. नानांच्या मशीनमधून आम्ही डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, खतविक्रीच्या जुन्या पावत्यांचे फोटो आणि विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले सगळे मराठी फॉन्ट काढले. मग ती एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, टॅलीत कंपनी, म्हणजे दुकानाच्या हिशोबाची वही, उघडली आणि मागच्या आठवड्यातलं एक बिल नानांनी स्वतः वाचून बघितलं. दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय मी बॅकअपला बॅकअप म्हणत नाही. फाईलचं नाव दिसणं आणि फाईल उघडणं यांत फार अंतर असतं, विशेषतः खराब डिस्कवरून काढलेल्या फाईलच्या बाबतीत.

फॉन्टचं जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण त्याने रडलेले लोक मी जास्त पाहिले आहेत. लग्नपत्रिका छापणारे, ग्रामपंचायतीचे टायपिंग करणारे, अर्ज-नोटिसा लिहून देणारे, यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांचं काम श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये असतं. हे युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारी प्रमाणित अक्षरं, नाहीत. फॉन्ट मशीनमधून गेला की तीच फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही. ॲप्स आणि फाईली ठेवून केलेल्या अपग्रेडमध्ये फॉन्ट सहसा टिकतात, फॉरमॅटमध्ये टिकत नाहीत. काही मराठी सॉफ्टवेअरना यूएसबीचं लॉक लागतं आणि त्याचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही, ते अपग्रेडच्या आधी विक्रेत्याला विचारून घ्या. टॅलीचं लायसन्सही फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच सरेंडर (परत जमा) करावं लागतं, नाहीतर नंतर खेटे पडतात.

मग क्लोन. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर, घ्यायचं आणि अपग्रेड एसएसडीवर करायचं. मूळ डिस्कला अपग्रेडचा हातही लागत नाही, काही बिघडलं तर ती परत जोडली की कालचं मशीन आज हजर. माझ्या मते जुन्या मशीनचं अपग्रेड सुरक्षित करण्याचा याहून चांगला मार्ग नाही, आणि मशीनचा वेग वाढतो तो वेगळा. मी क्लोनझिला वापरतो. ते मोफत आहे, पेन ड्राईव्हवरून चालतं, आणि खराब सेक्टर आले तरी न थांबता पुढे जायचा पर्याय त्यात आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असून चालत नाही. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कसाठी ४८० ची एसएसडी आणली तर क्लोनझिला अडवतं, ५०० किंवा ५१२ ची आणा. दोन, मूळ डिस्क कुठली आणि नवी कुठली हे मॉडेलच्या नावावरून दोनदा वाचून मगच एंटर दाबा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

नानांचं क्लोनिंग रात्रभर चाललं. सकाळी एसएसडीवर मशीन उठलं, मी विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासणारा सिस्टम फाईल चेकर चालवला, कारण खराब सेक्टरमधून आलेली एखादी विंडोजची फाईल अर्धवट असू शकते. दोन फाईली दुरुस्त झाल्याचं त्याने सांगितलं.

अपग्रेड दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला लावलं. पहाटे तापमान कमी असतं आणि आमच्या भागात त्या वेळी लाईटही टिकते. मशीन यूपीएसवर. यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच धरतो, पण तेवढ्यात लाईट परत येते किंवा निदान शेजाऱ्याचं जनरेटर सुरू होतं. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अपडेट आत ओढत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाईल (सगळं विंडोज एकाच फाईलीत) आधीच उतरवून ठेवा, पाच-सहा जीबीची असते, आणि तिच्यातला सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करा. अपडेट आत्ता नको हा पर्याय निवडा आणि फाईली व ॲप्स ठेवा असं दिसलं तरच पुढे जा. तो पर्याय फिका दिसत असेल तर तिथेच थांबा. भाषा, आवृत्ती किंवा ३२-६४ बिट यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ.

आणि तरीही ते मागे फिरलं. वीस मिनिटांत, कोड दाखवून: ०एक्ससी१९००१०१. नानांचा चेहरा उतरला, पण मला बरं वाटलं, कारण आता ते अडकलं नव्हतं. डिस्कचा प्रश्न मिटला होता आणि त्याच्यामागे लपलेला दुसरा उघडा पडला होता. या कोडच्या मुळाशी बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं छोटं साधन आहे, ते अपग्रेडच्या नोंदी वाचून कारण शोधतं. त्याने वायफायच्या एका ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. वायफायचा डोंगल मी अपग्रेडच्या आधीच काढून ठेवला होता, प्रिंटर आणि स्कॅनरही काढले होते. पण डोंगल बाहेर होता, त्याचा ड्रायव्हर आतच होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा असं केलं की असे न जोडलेले, फिके दिसणारे ड्रायव्हर सापडतात. तो काढताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा या चौकटीत खूण केली. सोबत बाहेरून टाकलेला अँटीव्हायरसही काढला, तो अपग्रेडच्या आधी काढलेलाच बरा. पुन्हा लावलं. साडेसहाला २२एच२ समोर होतं.

सगळ्यांची गोष्ट नानांसारखी नसते. जागेची तक्रार असेल, कोडच्या शेवटी ८००७००७० असं दिसेल, तर सी ड्राइव्ह रिकामा करा, बाकी काही करायची गरज नाही. तारीख दर सकाळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं आणि अपडेट उतरतच नाही. त्याच सेलमुळे बायोसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) डिस्कची सेटिंग बदलते आणि विंडोज उठतच नाही, हेही पाहिलं आहे. लोक त्यासाठी फॉरमॅट मारतात.

मशीनवर ३२ बिटचं विंडोज असेल तर ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. आणि तसं करण्याआधी मशीनवर डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या काळातलं) एखादं जुनं बिलिंग नाही ना ते बघा. इथल्या एका अडत्यांचा जुना विप्रोचा डेस्कटॉप माझ्याकडे आला होता. विप्रो म्हणजे याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झालेली कंपनी, त्यामुळे त्या डब्यावर त्यांचा फार जीव. मशीन ठणठणीत, पण मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायचं सॉफ्टवेअर १६ बिटचं. ६४ बिटच्या विंडोजवर ते मुळात सुरूच होत नाही. त्यांचं मशीन मी अपग्रेड केलं नाही. इंटरनेट काढून टाकलं, हिशोबापुरतं तसंच ठेवलं आणि डेटाची प्रत दर शनिवारी पेन ड्राईव्हवर घ्यायला मुनीमजींना शिकवलं.

टीपीएमची तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. चालतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तीच कसरत परत करावी लागते. कोअर टू ड्युओ या त्याहून जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तेही शक्य नाही, त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. ज्याच्या मशीनवर पैशाचे व्यवहार आहेत त्याला मी हे करून देत नाही. फक्त इंटरनेट, टायपिंग आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राईव्हवरून आठवडाभर चालवून बघा, न टाकताही चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबी रॅमवर ते नीट चालतं. बोटाचा ठसा घेणारं यंत्र किंवा डिजिटल सही वापरणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या उपकरणाला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते बघावं, बऱ्याच जणांना नसतो.

नानांच्या मशीनवर अपग्रेडनंतर आम्ही डॉट मॅट्रिक्सवर एक बिल काढलं, टॅलीत कंपनी उघडली, मराठीतलं एक जुनं पत्र उघडून अक्षरं शाबूत आहेत ते बघितलं, आणि वाढीव अपडेट चालू व्हायच्या वेळी लागणार म्हणून त्यांचं मायक्रोसॉफ्टचं खातं मुलाच्या नंबरावर तयार केलं. जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख घालून त्यांच्या हातात दिली आणि कपाटात ठेवायला सांगितली. दहा दिवस डिस्क क्लीनअप चालवू नका, म्हटलं, तोवर सेटिंग्जमधून जुन्या आवृत्तीला परत जाता येतं.

अकराव्या दिवशी नानांचा घाबऱ्या आवाजात फोन आला. सी ड्राइव्हमध्ये एकाएकी वीसेक जीबी जागा वाढली होती, आपलं काही गेलं तर नाही ना? मी म्हटलं, नाना, मुदत संपली म्हणून विंडोजने बाजूला ठेवलेलं जुनं विंडोज स्वतःच काढून टाकलं. तुमची बिलं जागच्या जागी आहेत, टॅली उघडून बघा. फोन चालू ठेवूनच त्यांनी टॅली उघडली आणि कालच्या शेवटच्या बिलाचा नंबर मला वाचून दाखवला.